लू, सातू आणि फालसे : जयेंद्रगंजातला उन्हाळी खाऊ



आपल्या ग्वाल्हेरकर मराठी घरांच्या आठवणी लिहायला बसलं की एक वाक्य हमखास येतं, "हे सगळं आपल्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून आणलं." देव, देव्हारा, पुरणपोळी, मंगळागौर, गाणंबजावणं. असेल. त्याबद्दल माझा वाद नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मुलांच्या हातावर जो खाऊ पडायचा, त्याबद्दल मला हे वाक्य पटत नाही. माझ्या हिशेबानं त्यातला अर्धा आपण आणला आणि अर्धा इथे शिकलो. तोही हौसेनं नाही. लू लागून मुलं हातची जाऊ नयेत म्हणून शिकलो.

सुरुवातीचा इतिहास तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. छावणी हलायची, पण ही हलली नाही आणि तिचंच लष्कर शहर झालं. फौजेबरोबर कारकून, फडणीस, भटजी, वैद्य, गवई आले. त्यांच्या मागून बायकामुलं आली. आमचं जयेंद्रगंज त्याच लष्करातलं. आमचं घर जुन्या हायकोर्टाच्या बाजूला. चौक, ओसरी, वर गच्ची, आणि उन्हाळ्यात दाराला वाळ्याचा पडदा. त्याला आमच्याकडे सगळे खसची टट्टीच म्हणायचे.

दक्षिणेतून आलेल्या माणसाला इथला उन्हाळा म्हणजे काय ते कळायला एक वैशाख पुरतो. पारा ४५ च्या पुढे जाणं नवलाचं नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवसांचा नौतपा सुरू होतो. पण नुसत्या पाऱ्यानं काही होत नाही, खरी मारते ती लू. राजस्थानकडून येणारा तो कोरडा वारा अंगातलं पाणी घाम दिसायच्या आत उडवून नेतो. कोकणातला माणूस घामानं चिंब होतो, त्याला तहान लागते, तो पाणी पितो. इथे मूल अंगणात खेळत असतं, अंग कोरडं असतं, आणि संध्याकाळी एकदम तापानं फणफणतं.

माझी आजी, जिला आम्ही सगळे माई म्हणायचो, ती चिपळूणजवळच्या खेड्यातून १९३१ साली लग्न होऊन इथे आली. आधी मुंबई आणि तिथून पंजाब मेल. ही गाडी १९१२ पासून धावते आहे आणि आपल्या लोकांसाठी ती नुसती गाडी नव्हती, माहेरची पिशवी होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यातून आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं आणि आंब्याची पेटी आणायचा. (पेटीतले निम्मे आंबे भोपाळपर्यंतच नासायचे, असं माई म्हणायची.) रेल्वे १८८१ मध्ये आग्र्याहून ग्वाल्हेरला आली आणि १८८९ मध्ये झाशीपर्यंत गेली, तेव्हा कुठे ही पिशवी शक्य झाली. त्याआधीच्या सत्तर वर्षांत आलेल्या बायकांनी काय केलं असेल? बैलगाडीतून कोकम किती येणार! त्यांनी आजूबाजूला बघूनच मुलांना वाढवलं असणार, दुसरा मार्गच नव्हता.

माईच्या पहिल्या उन्हाळ्यात तिचा दोनदा घोळणा फुटला. तिनं आमसुलाचं सार केलं, आंबील करायला नाचणी शोधली. नाचणी इथे मिळेना. आमसुलं पुढे औषधाच्या डब्यात गेली. अंगावर गांधी उठली की भिजवून चोळायची, एवढंच त्यांचं काम उरलं. रोजच्या खाऊसाठी काहीतरी वेगळं हवं होतं, आणि ते तिला गल्लीच्या टोकाला भाडावर सापडलं.

भाड म्हणजे भडभुंज्याची भट्टी. आजच्या मुलांना हा शब्द फक्त शिवीसारखा माहीत आहे, 'भाड़ में जाओ'. आम्ही मात्र रोज खुशीनं भाडात जायचो. जमिनीत खणलेली चूल, वर मोठी कढई, कढईत तापलेली वाळू. प्रत्येक घरचं मूल आपापली पुरचुंडी घेऊन ओळीत बसलेलं. कुणाचे चणे, कुणाचे जव, कुणाचा मका. भट्टीवरची बाई मूठभर दाणे आपल्या वाट्याचे काढून घ्यायची, हीच तिची मजुरी. मग दाणे वाळूत पडायचे, तडतडायचे, लांब दांड्याच्या झाऱ्यानं हलायचे आणि चाळणीतून वाळू खाली, दाणे वर. गरम पुरचुंडी फ्रॉकच्या ओच्यात घेऊन पळत घरी. निम्मे चणे वाटेतच संपायचे आणि त्याबद्दल कोणी रागवायचं नाही, कारण तोच तर खाऊ होता.

आता गंमत बघा. सातूचं पीठ आपल्याकडे महाराष्ट्रातही होतंच. सातू म्हणजे मुळात जव, आणि हा शब्द संस्कृतातल्या 'सक्तु'वरून आलेला. ऋग्वेदात चाळणीनं सक्तू चाळण्याचा उल्लेख आहे, इतकी ही गोष्ट जुनी. इकडचं सत्तू आणि तिकडचं सातू ही एकाच आजीची नातवंडं. पण दोन्ही घरांनी त्याला वेगवेगळं वाढवलं. कोकण-देशावरच्या सातूच्या पिठात बहुतेक घरी नावापुरताही सातू राहिला नाही. गहू आणि डाळं भाजून दळायचं, सुंठ-वेलची घालायची, आणि गूळ-दुधात कालवून गोड खायचं. इथलं सत्तू चण्याचं आणि जवाचं. पाण्यात पातळ कालवून वर मीठ, भाजलेलं जिरं, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कैरीचा कीस. मजूर तेच पिऊन दिवसभर उन्हात राबायचा.

माईची हातानं लिहिलेली वही माझ्याकडे आहे. त्यात 'सातूचे पीठ' या मथळ्याखाली आधी लिहिलंय, गहू चार वाट्या, डाळे दोन वाट्या. मग वेगळ्या शाईनं गव्हाच्या चाराचे दोन केलेत आणि शेजारी 'जव दोन, भाडावरचे' असं लिहिलंय. खाली आणखी नंतरच्या, थरथरत्या अक्षरात 'चणे वाढवावे, मुले धरतात'. धरतात म्हणजे पोट भरलेलं राहतं, दर अर्ध्या तासानं खायला मागत नाहीत. शंभर ग्रॅम भाजलेल्या चण्यात साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं भाडावरच्या बाईची मुलं पाहिली होती. इतिहासाची साधनं म्हणून आपण दप्तरं आणि सनदा चाळतो. माझ्या मते वहीतली ही तीन शाया मोठं साधन आहे. एक बाई चिपळूणहून ग्वाल्हेरला कशी पोचली, ते त्यात दिसतं. गाडीनं दोन दिवस लागले, पिठाला तीस वर्षं.

आमच्या घरी मग दोन्ही चालायचं. सकाळी दूध-गुळातलं गोड सातू, त्याच पिठाचे तुपातले छोटे लाडू, आणि दुपारी चार वाजता पितळी पेल्यात खारट पातळ सत्तू. वडील त्याला 'गंवार की लस्सी' म्हणत चिडवायचे आणि स्वतः दोन पेले प्यायचे.

पन्ह्याचीही हीच कथा, पण ती सांगताना मला जरा जपून लिहावं लागणार आहे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं पन्हं आपलं, म्हणजे कैरी उकडून, गूळ, वेलची, केशराची काडी, चिमूटभर मीठ. सोबत कैरीची वाटली डाळ आणि ओटीत भिजवलेले हरभरे. ते हरभरे घरी आले की मुलांचे. मीठ-लिंबू लावून वाटीवाटीनं खायचे, यापेक्षा चांगला खाऊ मला आजही माहीत नाही. पण हे पन्हं सणाचं होतं, पाहुण्यांचं होतं. इथलं 'पना' रोजचं. कैरी निखाऱ्यात भाजायची, साल काळी झाली की गर काढायचा, त्यात काळं मीठ, भाजलेलं जिरं, पुदिना, थोडीशी साखर किंवा गूळ. लू लागलेल्या माणसाच्या तळहाता-तळपायांना तोच गर चोळायचा. आमच्या घरात सणाच्या पन्ह्यातून हे रोजचं पनं कधी आलं, याची तारीख मला साधारण ठाऊक आहे.

माईची पहिली मुलगी, म्हणजे माझी आत्या, अडीच वर्षांची असताना गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला जेठ महिना. (आपला ज्येष्ठ नव्हे. इथला जेठ पौर्णिमान्त, पंधरा दिवस आधी लागतो. आमच्या घरात दोन्ही पंचांगं चालायची.) हातगाडीवरच्या कापलेल्या कलिंगडाची फाक कुणीतरी कौतुकानं तिच्या हातात दिली, अशी घरात सांगण्याची पद्धत होती. रात्री उलट्या-जुलाब, दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, तिसरा दिवस उजाडला नाही. फाकच कारण होती का, हे आज कोण सांगणार? पण माईनं ते धरून ठेवलं. त्यानंतर आमच्या घरात कापलेलं फळ बाहेरचं आलं नाही, बर्फाचा गोळा आला नाही, आणि मुलांना जरा जरी जुलाब झाले तरी पहिल्या तासाला मीठ-गुळाचं पातळ पनं चमच्या-चमच्यानं सुरू व्हायचं. शेजारच्या गल्लीतल्या एका ठाकूर आजींनी तिला हे शिकवलं होतं. आपल्याकडे तेव्हा बऱ्याच घरी उलट पद्धत होती. जुलाब होतात ना, मग पाणी तोडा.

पुढे १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंचे जीव वाचवले, आणि त्यातूनच आजची ओआरएसची पाकिटं घरोघर पोचली. आतड्याला मीठ शोषायला साखरेची मदत लागते, हे त्यामागचं शास्त्र. मला कोणी म्हणालं की आपल्या आज्यांना हे आधीच माहीत होतं, तर मी मान हलवत नाही. पन्ह्यानं पटकी बरी होत नाही आणि ठाकूर आजींच्या पन्ह्यात मोजमाप नव्हतं. पण पाणी तोडण्यापेक्षा ते शंभर पटींनी शहाणपणाचं होतं. आणि ते आपण त्या घरातून शिकलो, हे आपल्या आठवणींत कुठे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

आता फळांकडे येऊ, कारण मुलांच्या लेखी उन्हाळा म्हणजे फळंच.

फालसे! पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हे समजावताना माझी दमछाक होते. वाटाण्याएवढं, जांभळं, आंबट-गोड फळ, मे-जूनचे काही आठवडे मिळणारं. तोडलं की एक-दोन दिवसांत मऊ पडतं, म्हणून ते कुठे पाठवता येत नाही आणि म्हणून त्याची ख्याती शहराबाहेर जात नाही. फालसेवाला भर दुपारी यायचा, पानाच्या द्रोणात फालसे आणि वर काळं मीठ. उरलेले आई कुस्करून, गाळून सरबत करायची. त्याचा रंग असा की कोकमाच्या सरबताची आठवण यावी. माई पेला उजेडात धरून बघायची आणि काही न बोलता प्यायची.

खिरण्या पिवळ्या, मण्यांसारख्या, अतिशय गोड, पण चिकानं ओठ चिकटायचे. म्हणून आधी पाण्यात टाकून ठेवायच्या. शहतूत मार्च-एप्रिलमध्येच येऊन जायचे, परीक्षेच्या दिवसांत, त्यामुळे अभ्यासाच्या वह्यांवर त्यांचे डाग. बेलाचं सरबत मला कधीच आवडलं नाही, पण पोटासाठी ते प्यावंच लागायचं.

खरबूज, तरबूज आणि लांब हिरवी ककडी नद्यांच्या वाळूतली. चंबळ, सिंध, पार्वती यांचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की उघड्या पडलेल्या वाळूत वेल लावायचे आणि पाऊस यायच्या आत सगळं उचलायचं. घरी अख्खं खरबूज यायचं, पाण्याच्या बादलीत दुपारपर्यंत बुडवून ठेवायचं, मग कापून वर बूरा. खरबुजावर पाणी प्यायचं नाही हा कायदा. यात तथ्य किती, मला शंका आहे, पण तो मोडायची हिंमत आमच्यात नव्हती. बिया फेकायच्या नाहीत. राखेनं चोळून धुवायच्या, गच्चीवर वाळवायच्या, आणि लूच्या दुपारी सगळ्या मुलांनी बंद खोलीत बसून चिमट्यानं सोलायच्या. वाटीभर मगज निघायला चार मुलांचा आठवडा जायचा. तो मगज ठंडाईत आणि सातूच्या लाडवात. आता वाटतं, खरा हेतू मगज नव्हताच. बारा ते चार मुलांना घरात डांबून ठेवायचं ते काम होतं.

दोन्हीकडच्या खाऊची गाठ पडायची ती अक्षय तृतीयेला. त्या दिवशी आपली चैत्रगौर उठते, महिनाभराची हळदीकुंकवं संपतात. आणि त्याच दिवशी इथल्या मुली अकतीचा सण करतात, वडाखाली बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. आमच्या गल्लीतल्या मुली भिजवलेली चण्याची डाळ वाटायच्या, आमच्याकडून त्यांना हरभरे आणि पन्हं जायचं. शेजारी ब्राह्मणाला सत्तू, घडा, पंखा दान द्यायचे, आमच्याकडे उदककुंभ. मी सातव्या वर्षापर्यंत हा एकच सण समजत होते.

मग दिवस पालटले. फाळणीनंतर सिंधमधल्या सक्करचे जे. बी. मंघाराम यांनी ग्वाल्हेरला बिस्किटांचा कारखाना काढला. त्यांचे पत्र्याचे डबे, वर देवादिकांची चित्रं, तुमच्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अजून असतील. आमच्याकडे बिस्किटं सणासुदीला यायची आणि डबा जन्मभर राहायचा. आमचं सातूचं पीठ तीस वर्षं कृष्णाच्या चित्राखाली राहिलं. रूह अफ़ज़ा माईनं आयुष्यभर घेतलं नाही, पण सुनांना आणू दिलं. ते सरबत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी काढलेलं, मुळात लूवरचंच औषध. त्याचा इतिहास कळल्यावर मला तरी ते परकं वाटलं नाही. ऐंशीच्या दशकात रसना आलं आणि पन्हं मागे पडलं ते पडलंच. रंग, साखर आणि पाणी. त्याचा मला आजही राग आहे.

मोठा बदल मात्र खाऊतला नव्हता, घरांतला होता. १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५६ मध्ये मध्य प्रदेश, आणि राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्यांबरोबर माणसं गेली. कुणी भोपाळ, कुणी इंदूर, पुढची पिढी पुणे, त्यापुढची अमेरिका. आमच्या वाड्यात एके काळी चौदा मुलं बिया सोलायला बसायची. आज आम्ही दोघं आहोत आणि एक कूलर आहे. भाड कधी बंद झालं ते नेमकं कुणाच्या लक्षातही आलं नाही. भडभुंज्याची पुढची पिढी आता पाकिटबंद चणे-मुरमुरे विकते.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून मुलगा-सून आणि सहा वर्षांचा नातू आले. सुनेनं डॉक्टरांनी दिलेली यादी आणली होती. तळलेलं नको, पाकिटातलं नको, साखर कमी, प्रथिनं हवीत, पाणी भरपूर. मी यादी वाचली आणि कृष्णाचा डबा काढला. पहिल्या दिवशी नातवानं सातूकडे बघून "हा सिमेंट आहे का?" विचारलं. दुसऱ्या दिवशी लाडू करून दिला तेव्हा खाल्ला. चौथ्या दिवशी खारट सत्तू कांदा काढून प्यायला. फालसे मात्र पहिल्याच द्रोणात त्याला वेड लावून गेले. जाताना विचारत होता, पुण्याला का मिळत नाहीत? पंजाब मेलनं उलट्या दिशेनं जाण्यासारखी एकच गोष्ट मला सापडली, सातूचं पीठ. दोन किलो बांधून दिलं.

बऱ्याच जणांनी प्रमाण विचारलं आहे, म्हणून वहीतलं शेवटचं देते. गहू दोन वाट्या (भिजवून, निथळून, वाळवून मग भाजलेले), जव दोन वाट्या, फुटाण्याचं डाळं तीन वाट्या, सुंठ पूड दोन चमचे, वेलची आवडीप्रमाणे. जव आणि गहू वेगवेगळे भाजा, एकत्र भाजले तर जव करपतात. साखर किंवा गूळ पिठात घालून ठेवू नका, आयत्या वेळी घाला, म्हणजे त्याच पिठाचं खारटही करता येतं. अगदी लहान मुलांना पातळच द्या, कोरडं पीठ ठसक्यानं अडकतं.

एक माहिती मात्र मला हवी आहे. माईच्या वहीत कैरीच्या टक्कूचं पान अर्धं फाटलंय. कैरी किसून, गूळ, तिखट, मीठ इथपर्यंत आहे, पुढे 'आणि भाजलेली' एवढंच वाचता येतं. आमची आई मेथी म्हणायची, काकू बडीशेप. चिटणीसांची गोठ, दौलतगंज, माधवगंज इथल्या जुन्या घरांतून कुणाकडे काय घालत असत, ते जरूर कळवा. कैऱ्या अजून महिनाभर मिळतील.